गंधोदकाच्या लोटीतलं नळाचं पाणी

मी माझ्या थोरल्या बहिणीवर एक प्रयोग केला. ती माझ्या उशाशी बसलेली असताना, तिला न सांगता, सहा वेळा. तेव्हा मी त्याला प्रयोग म्हणत होतो. आज फसवणूक म्हणतो. मला कॅन्सर झाला होता आणि मी घाबरलो होतो, हे खरं आहे. पण त्यानं माझी चूक कमी होत नाही.

माझ्याबरोबर उपचार घेणाऱ्या काही जणांनी मला आजारपणाबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्यांना धीर येईल म्हणाले. केमोत तोंड सोललं तर काय खावं, केस गेल्यावर आरशात कसं बघावं, हे मी लिहू शकतो. पण ही गोष्ट गाळून बाकीचं लिहिलं तर ते सगळंच खोटं होईल. म्हणून आधी हीच लिहितो.

मी कोण

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी तपासणी खात्यात आहे. ओतून आलेल्या लोखंडी भागात आत पोकळी आहे का, कुठं चीर आहे का, हे बघायचं आणि खराब मालावर लाल रंगाचा पट्टा मारायचा, हे माझं काम. वरून गुळगुळीत दिसतंय म्हणून मी आजवर कुठलाही माल सोडलेला नाही. "पुरावा दाखव" हे माझं वाक्य. कॅन्टीनमध्ये कुणी चहा कडू झालाय म्हटलं तरी बाकीचे माझ्याकडं बघून ओरडतात, "पुरावा दाखव!"

घर जवळच्याच मच्छे गावात. मूळ गाव चिकोडीच्या अलीकडं. आमचं जैन शेतकऱ्यांचं घर. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि सुशीलाआक्का एकवीस वर्षांची. तिचं लग्न गावातच झालेलं. त्यानंतर माझ्या डोक्याला तेल लावण्यापासून दहावीच्या फॉर्मवर सहीसाठी वडिलांच्या, आप्पांच्या मागं लागण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. ती रोज सकाळी आंघोळ करून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जाते, आणि दिवस बुडायच्या आत जेवते. मी देव मानत नाही, हे तिला मी कॉलेजात असल्यापासून माहीत आहे. "तू नगं मानू. मी मानते तेवढं दोघांला पुरतंय," असं म्हणून ती हसायची.

न मानण्याचं कारण विचारलं की मी आईची गोष्ट सांगायचो. आईला दवाखान्यात न नेता आप्पांनी शांती, व्रतं आणि मंतरलेलं पाणी यांतच दिवस घालवले आणि ती गेली. ही गोष्ट सांगितली की समोरचा गप्प व्हायचा. तो माझा सगळ्यांत मोठा पुरावा होता. तो पुढं येईलच.

गाठ

भाऊबीजेला आक्का माझ्या डोक्याला आणि मानेला तेल चोळत होती. तिचा अंगठा उजव्या कानाखाली थांबला.

"बाळू, ही गाठ कवाची रं?"

"दाढ दुखतीय, त्यामुळं असंल."

"दाढ दुखतीया व्हय? आ कर बघू."

मी तोंड उघडलं नाही. दाढ दुखत नव्हतीच. गाठ मला आठ दिवसांपूर्वीच लागली होती. दाबली तरी न दुखणारी गाठ वाईट, हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि ते पान बंद करून टाकलं होतं.

त्यानंतर आक्काचा दर रविवारी फोन. "दाखवलास काय?" मी म्हणायचो, "दाखवतो." ती म्हणायची, "डागदरला दाखवायला मुहूर्त लागतोय व्हय तुला?" असे चार महिने गेले. रोज हातोडीनं ठोकून दुसऱ्यांच्या मालातली पोकळी शोधणारा माणूस शर्टाची कॉलर वर करून फिरत होता.

कागद

शेवटी बेळगावातल्या एका हॉस्पिटलात गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. आठवड्यानं कागद आला. डॉक्टर कन्नडमिश्रित मराठीत शांतपणे बोलले. लिम्फोमा आहे, आठ डोस लागतील, बरं होण्याची आशा चांगली आहे. त्यांची बाकीची वाक्यं मला ऐकूच आली नाहीत. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकची हिरवी टाचणी-डबी होती, तिचं झाकण तिरकं बसलेलं होतं, एवढंच आठवतं. माझी बायको विद्या वहीत लिहून घेत होती. तिचं अक्षर सुंदर आहे. त्या पानावरचं वाचता येत नाही.

बाहेर बाकावर आक्का बसलेली. आधार कार्ड दाखवून, बायकांना फुकट असलेल्या पहाटेच्या लाल बसनं आलेली. मी म्हटलं, "कॅन्सर हाय." तिनं माझा हात धरला आणि पहिलं काय विचारलं?

"औषध हाय न्हवं यावर?"

"हाय."

"मग झालं. औषध घ्यायचं."

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढं मी जे केलं ते जणू या वाक्याच्या उलट काहीतरी ती बोलली होती, असं धरून केलं.

वॉर्ड

पंधरा दिवसांनी एक डोस. सकाळी रक्त तपासायचं, पेशी पुरेशा असल्या तर खाट मिळायची, मग लाल औषधाची सुई. लघवी लाल झाली की नवे लोक घाबरतात. घाबरू नका, तो औषधाचा रंग असतो. चौथ्या दिवशी तोंडात फोड यायचे. पाणी कडू लागायचं, विद्याचा स्वयंपाक कडू लागायचा आणि मी त्याचा राग तिच्यावर काढायचो. आक्काची जोंधळ्याची आंबील तेवढी घशाखाली जायची. ताक घालून, गार, मीठ नावाला. ज्यांना तोंड येतं त्यांनी करून बघा.

शेजारच्या खाटेवर खानापूरकडचे परशरामअण्णा. त्यांनी पोटाच्या गाठीवर चार महिने एका बाबाची पूड खाल्ली होती आणि मग इथं आले होते. मी त्यांना पहिल्याच दिवशी सुनावलं, "अण्णा, त्या चार महिन्यांत गाठ दुप्पट झाली. श्रद्धेनं काय दिलं?"

अण्णा कूस न बदलता म्हणाले, "आणि तुमचीबी गाठ कार्तिकातलीच न्हवं? तुमी चार महिने कुठल्या बाबाकडं गेलता?"

अख्खा वॉर्ड हसला. नर्ससुद्धा हसली. मीही हसल्यासारखं केलं. पण ते वाक्य आत रुतून बसलं आणि मला कुठंतरी जिंकायचं होतं.

लोटी

पहिल्या डोसाला आक्का तांब्याची, फिरकीच्या झाकणाची छोटी लोटी घेऊन आली. तीत गंधोदक होतं. बस्तीतल्या मूर्तीला अभिषेक घातलेलं पाणी. आमच्यात ते बोटानं कपाळाला, डोळ्यांना लावतात. मी म्हटलं, "मला नको." ती म्हणाली, "नगं तर नगं." लोटी पिशवीत ठेवली आणि माझे पाय चेपत बसली. रुसली नाही, रागावली नाही.

दुसऱ्या डोसाला तिनं आधी नर्सलाच विचारलं, "सिस्टर, हे लावलं तर चालतंय काय? काय बाधंल काय?" नर्स म्हणाली, सुईच्या हाताला नको, कपाळाला बोट लावा. मग मला विचारलं. मला मळमळत होतं. "लाव," म्हटलं. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, कपाळाला एक बोट लावलं आणि एक बोट गाठीवर. थंड वाटलं. बरंसुद्धा वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचाच मला राग आला.

तिसऱ्या डोसाला ती लोटी स्वच्छ रुमालावर खिडकीत ठेवून हातपाय धुवायला गेली. मी सलाइनचा स्टँड ओढत संडासात गेलो, लोटी ओतली, बेसिनच्या नळाखाली भरली आणि परत रुमालावर ठेवली. आक्का आली. तिनं डोळे मिटून नळाचं पाणी माझ्या कपाळाला लावलं. मी एका डोळ्यानं तिच्याकडं बघत होतो.

त्यानंतर दर डोसाला तेच. आठव्यापर्यंत.

ती पहाटे उठून, ओलेत्यानं बस्तीत जाऊन, लोटी मांडीवर धरून, खड्ड्यांतून अडीच-तीन तास बसनं यायची. लोटी जमिनीला लागू द्यायची नाही. मी तिला कधीही "नको" म्हणू शकलो असतो. ती थांबली असती. हे मला माहीत होतं, पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण ती थांबली असती तर माझ्या हातात पुरावा कुठून आला असता?

निकाल

शेवटचं स्कॅन स्वच्छ आलं. श्रावणातल्या एका रविवारी दुपारी विद्यानं जवळच्या माणसांना जेवायला बोलावलं. आक्का पुरणपोळ्या करायला आदल्या दिवशीच आली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आक्का, तुमच्या गंधोदकाचा गुण आला बघा."

आक्का पोळी लाटत म्हणाली, "न्हाय हो. औषधाचा गुण. डागदर लई चांगलं भेटलं."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. तिनं माझ्याच बाजूनं उत्तर दिलं होतं. पण मी तीन महिने जपून ठेवलेलं वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "काकू, गुण कसला? तिसऱ्या डोसापासून त्या लोटीत नळाचं पाणी होतं. मीच बदलत होतो. गंधोदक नसताना मी बरा झालो. हा घ्या पुरावा."

विद्याचा भाऊ हसला. मग त्याला कळलं की आणखी कुणी हसत नाही.

आक्कानं लाटणं खाली ठेवलं. माझ्यावर ओरडेल, रडेल, असं मला वाटत होतं. त्यावरही माझ्याकडं मुद्दे तयार होते. तिनं फक्त विचारलं,

"मग गंधोदक कुठं ओतलास, बाळू?"

ते पायदळी येऊ देत नाहीत. उरलं तर झाडाच्या बुंध्याला घालतात. लहानपणापासून मला हे माहीत होतं.

"संडासात," मी म्हणालो.

तिनं हातावरचं पीठ झटकलं, पदरानं हात पुसले. "दिवस बुडायच्या आत पोचाय पायजे मला," म्हणाली आणि न जेवता पिशवी घेऊन निघाली. विद्या तिच्या मागं स्टॉपपर्यंत गेली. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही देव मानू नका, माझं काही म्हणणं नाही. पण तुमचा जीव वाचला म्हणून जेवण घातलं आणि त्याच जेवणात तुम्ही त्यांना मूर्ख ठरवलंत."

मी तिला प्रयोगाचं महत्त्व समजावायला लागलो. खरं सांगायचं तर प्रयोग म्हणूनही तो फालतू होता. औषध चालूच होतं. मग पाण्यानं काय सिद्ध झालं? हाताखालच्या कुणी असा तपासणी तक्ता आणला असता तर मी फाडून टाकला असता. आणि जो दावा खोटा पाडायचा म्हणून एवढं केलं, तो दावा आक्कानं कधी केलाच नव्हता.

सहा उपवास

लोटी तिनं आणली होती, म्हणून दोष तिचा, असं आक्कानं धरलं. सहा वेळा ओतलं, म्हणून सहा उपवास, एक दिवसाआड. तिला शुगर आहे. गोळ्या घेऊन उपवास करायचा नसतो, हे तिला घरच्यांनी सांगितलं होतं. चौथ्या उपवासाला ती बस्तीच्या अंगणात चक्कर येऊन पडली. चिकोडीला नेऊन एक दिवस सलाइन लावलं. फोन आला तेव्हा विद्या लगेच निघाली.

"माझ्या पांढऱ्या पेशी अजून कमी आहेत, हॉस्पिटलात जायला नको," मी म्हणालो.

"मला पेशींचं कारण सांगू नका," विद्या म्हणाली आणि गेली.

माझ्या आठही डोसांना जी आली, तिच्या एका सलाइनला मी गेलो नाही. सगळ्या आजारपणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटते विचाराल तर, या दिवसाची.

"असंल तर?"

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. सगळे एकमेकांच्या घरी जाऊन, हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतात. वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा. मला तो दिवस सोयीचा वाटला. सगळेच म्हणतात, त्यात आपणही म्हणून टाकू.

मी गावी गेलो तेव्हा आक्का सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसली होती. वाळली होती. मी हात जोडले. "उत्तम क्षमा, आक्का. काय चुकलं-माकलं असंल तर..."

"असंल तर?" ती म्हणाली.

मी जोडलेले हात खाली घेतले.

"पाय धू. जेव," म्हणून ती आत गेली.

जेवताना तिचं ते "असंल तर?" मला सोसेना. मग मी माझ्या नेहमीच्या जागी गेलो. म्हणालो, "आक्का, मी असा का झालो, तुला ठाऊक हाय. आईला आप्पांनी दवाखान्यात नेलं असतं तर..."

"नेलं न्हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे?"

"मिरजेला सतरा दिवस हुती ती. मीच हुते संगं. तुला निपाणीला मामाकडं ठेवलंतं. डागदरनं सांगितलं, आता आमच्या हातात काय न्हाय, घरी न्या. तवा घरी आणलं. मग तू आलास, आणि तुला शांती दिसली, पाणी दिसलं. डागदरनं हात टेकल्यावर आप्पानं काय करायचं हुतं रं? नुसतं बघत बसायचं?"

"एवढी वर्षं हे सांगितलं का न्हाईस?"

"तू कवा इचारलास? तू नुसतं सांगत हुतास."

इतकी वर्षं मी जी गोष्ट पुरावा म्हणून लोकांच्या तोंडावर फेकत होतो ती एका नऊ वर्षांच्या पोराची समजूत होती. मी ती कधी तपासली नव्हती. तिच्यावर माझी श्रद्धा होती. त्याला दुसरा शब्द नाही. आणि आप्पा वारेपर्यंत मी त्यांच्याशी त्याच रागानं वागलो.

तेवढ्यात गल्लीतली माणसं उत्तम क्षमा म्हणत दारात आली. मी त्यांना हात जोडले आणि बस पकडायला निघालो. माफी तशीच राहिली.

भांडण कशाचं होतं

त्या बसमध्ये आणि नंतर बरेच दिवस मी विचार केला. मानणारे आणि न मानणारे पुराव्यावरून इतके का भांडतात? मला वाटायचं, खरं काय ते ठरवायला. काही भांडणं तशी असतातही. बाबाच्या पुडीसाठी औषध सोडणाऱ्या माणसाशी मी आजही भांडेन, आणि ज्यांना गाठ लागली आहे त्यांनी आज, आत्ता दाखवावं, हे हात जोडून सांगेन.

पण माझं आणि आक्काचं भांडण तसं नव्हतंच. मी विचारत होतो, माणूस बरा कशानं होतो? त्याचं उत्तर आम्हा दोघांचं एकच होतं, औषधानं. ती दुसरंच विचारत होती. माझा भाऊ बरा होईपर्यंत मी काय करू? सुई ती टोचू शकत नव्हती, रिपोर्ट वाचू शकत नव्हती. ती पहाटे उठू शकत होती, लोटी धरू शकत होती. तेवढं तिनं केलं. मी भीतीनं चार महिने कॉलर वर करून फिरलो. तिनं तिची भीती लोटीत घालून माझ्यापर्यंत आणली. आणि मी तिच्यापुढं हुशार ठरायला निघालो.

मी आजही देव मानत नाही. असं लिहिलं नाही तर हे लिहिणंही लबाडी होईल. माझी लाज देव न मानण्याची नाही.

भाऊबीज

पुन्हा भाऊबीज आली. विद्या आणि मी गावी गेलो. आक्काचा मुलगा, सून, शेजारच्या दोन बायका, सगळे सोप्यात होते. आक्कानं पाट मांडला, तेलाची वाटी घेतली. केमोनंतर आलेले माझे केस बघून म्हणाली, "तान्ह्या पोरासारखं मऊ आल्यात की रं." आणि सवयीनं तिचा अंगठा उजव्या कानाखाली जाऊन थांबला. तिथं आता काही नव्हतं.

मी तिचा हात धरला. चारचौघांत केलं होतं, चारचौघांतच बोलायचं होतं.

"आक्का, तेल मागनं लाव. आधी ऐक. तिसऱ्या डोसापासनं आठव्यापतुर, सहा वेळा, तू आणलेलं गंधोदक मी संडासात ओतलं आणि तुझ्या लोटीत नळाचं पाणी भरलं. तू डोळं मिटलीस की मी तुझी मजा बघत हुतो. नगं म्हटलं असतं तर तू थांबली असतीस, हे मला ठाऊक हुतं, तरी म्हटलं न्हाय. पाहुण्यांपुढं तुला खाली बघाय लावलं. त्यापायी तू उपाशी ऱ्हायलीस, पडलीस, आणि मी तुला बघाय आलो न्हाय. पेशींचं कारण खोटं हुतं, मला तुझ्या तोंडाकडं बघायची लाज वाटत हुती. आईचं तुला कवा इचारलं न्हाय, आणि आप्पांवर आळ घेत फिरलो. गंधोदकावर माझा इस्वास न्हाय, आजबी न्हाय, ते खोटं कशाला सांगू. पण दोष तुझा न्हवता, एकबी उपास तुझा न्हवता. सगळं मी केलं. असंल तर न्हाय, आक्का. चुकलंच हाय माझं. मला माफ कर."